घरधनी आणि पहारेकरी

एखादी वस्तू दाम मोजून घेतली म्हणजे ती आपली झाली, ही समजूत इतकी जुनी आहे की, तिच्याविषयी कोणी कधी शंका घेईल असे आपल्या आजोबांना वाटले नसेल. बाजारातून कुऱ्हाड आणली, तर ती कोणत्या लाकडावर चालवावी हे लोहार सांगत नसे. बंडी करवून घेतली, तर तीत धान भरावे की तणीस, हे सुतार ठरवीत नसे. आज मात्र आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात अशी एक वस्तू आहे की, जिचे पुरते दाम आपण दिलेले आहेत, आणि तरीही तिच्यात काय ठेवावे व काय ठेवू नये याविषयी शेवटचा शब्द आपला नाही. ती वस्तू म्हणजे मोबाइल.

मोबाइलमध्ये निरनिराळी कामे करणारी जी साधने असतात त्यांना ॲप म्हणतात, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. ही ॲपे आपण मुख्यतः दोन मोठ्या दुकानांतून घेतो. ॲपल कंपनीचा फोन असेल तर तिच्या ॲप स्टोअरमधून, आणि इतर बहुतेक फोनांत गूगलच्या प्ले स्टोअरमधून. ॲपलच्या फोनावर दुसऱ्या दुकानातून ॲप आणण्याची सोय आपल्या देशात ठेवलेलीच नाही. गूगलची अँड्रॉइड प्रणाली असलेल्या फोनांत ती आहे. परंतु तसे करू जाताच पडद्यावर धोक्याची सूचना येते, परवानगी द्यावी लागते, आणि साधा माणूस तेथूनच परत फिरतो. प्रश्न असा की, फोन बनविणाऱ्याने अथवा त्याची प्रणाली बनविणाऱ्याने असा पहारा करावा काय? आणि करावा, तर कोठवर?

हा प्रश्न कॅलिफोर्नियातला. गोंदियाच्या व्याख्यानमालेत तो कशाला, असे कोणी म्हणेल. आमच्या मते तो आपल्या जिल्ह्याला तेंदूच्या पानाइतका जवळचा आहे. ते कसे, हे पुढे सांगू. त्याआधी टेलिफोनचा थोडा इतिहास पाहू, कारण हा वाद मोबाइलबरोबर जन्मलेला नाही.

ज्यांनी पोस्ट आणि तार खात्याचा काळा टेलिफोन पाहिला आहे त्यांना आठवेल की, तो आपल्या घरात असे, पण आपला नसे. यंत्र खात्याचे, तारही खात्याची, आणि बिघाड झाला तर माणूसही खात्याचाच यावयाचा. १८८५ च्या तार कायद्याने ही सर्व व्यवस्था सरकारच्या एकट्याच्या अधिकारात ठेवली होती, आणि स्वतःचे यंत्र आणून त्या तारेला जोडण्याची मुभा ग्राहकाला नव्हती. याचे कारण म्हणून जे सांगितले जाई ते वरवर पाहता खोटे नव्हते: एकाच्या वाईट यंत्राने सगळ्यांची तार बिघडेल.

हेच कारण अमेरिकेतही सांगितले जात होते. तेथे टेलिफोन सरकारचा नव्हता, एका खाजगी कंपनीचा होता. पण मक्ता तोच. एका लहान कारखान्याने फोनच्या तोंडाशी बसविण्याचे कपासारखे साधे झाकण काढले. बोलणाऱ्याचा आवाज शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये, एवढाच त्याचा उपयोग. कंपनीने हरकत घेतली की, आमच्या यंत्राला परक्याची वस्तू लावता येणार नाही. सरकारी आयोगाने कंपनीची बाजू उचलून धरली. अखेर १९५६ साली न्यायालयाने निर्णय फिरविला. जो उपयोग ग्राहकाच्या हिताचा आहे आणि इतरांना बाधक नाही, तो करण्याचा त्याला हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे टेक्सासमधील टॉमस कार्टर नावाच्या गृहस्थाने दूरच्या रानात काम करणाऱ्यांचे बिनतारी यंत्र टेलिफोनला जोडून देणारे एक साधन काढले. त्यावरही असाच झगडा होऊन १९६८ साली तोच आयोग कार्टरच्या बाजूने उभा राहिला. त्यानंतर काही तारा जळल्या नाहीत. उलट संदेश टिपून ठेवणारी यंत्रे आणि संगणकाला टेलिफोनच्या तारेशी जोडणारी साधने बाहेरचे कारखाने मोकळेपणाने काढू लागले. यंत्र कसे असावे याचे नियम ठरले, आणि ते पाळणाऱ्या कोणालाही दार उघडे झाले. मक्ता गेला, पण नियम राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण मक्ता आणि नियम या दोन गोष्टी एकच आहेत असे भासविणे हा या वादातला नेहमीचा डाव आहे.

त्यानंतर घरगुती संगणकांचा काळ आला. त्यांतील बहुतेकांत, ज्याला जो कार्यक्रम हवा तो त्याने कोठूनही आणून घालावा, अशी रीत होती. तिच्यातून विषाणूही पसरले आणि नवे उद्योगही निघाले. २००७ साली ॲपलने आयफोन काढला, तेव्हा त्यात बाहेरच्यांच्या ॲपांना मुळी जागाच नव्हती. जुलै २००८ मध्ये त्यांच्यासाठी दुकान उघडले, त्या दिवशी त्यात सुमारे ५०० ॲपे होती. त्याच वर्षी गूगलनेही आपले दुकान मांडले. ठरले ते असे की, जे ॲप विकले जाईल त्याच्या किमतीतला ३० टक्के हिस्सा दुकानदाराचा. पुढे लहान विक्रेत्यांसाठी तो १५ टक्क्यांवर आला. पण हिस्सा घेण्याचे तत्त्व राहिले. अशा रीतीने जो दार राखतो तोच जकात घेतो, आणि तोच आतमध्ये स्वतःचा मालही मांडतो, अशी तिहेरी व्यवस्था उभी राहिली.

हिचे परिणाम आपल्या देशात कसे दिसले ते पाहा. १८ सप्टेंबर २०२० रोजी पेटीएमचे ॲप गूगलच्या दुकानातून काही तास नाहीसे झाले. जुगाराविषयीचा नियम मोडला, असे गूगलचे म्हणणे. आम्ही तसे काही केले नाही, असे पेटीएमचे. त्याच दिवशी ते ॲप परत आले. खरे कोणाचे हे आम्ही येथे ठरवीत नाही. परंतु पैसे पाठविण्याच्या धंद्यात गूगलचे स्वतःचेही ॲप आहे, हे आपण सारे जाणतो. अशा वेळी पंच आणि प्रतिस्पर्धी एकच असला, तर निकाल बरोबर असूनही त्यावर विश्वास बसत नाही.

२०१८ साली तीन तरुण नागरिकांनी केलेल्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या व्यवहाराची चौकशी केली, आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पाचच दिवसांनी ॲपांच्या पैशाच्या वसुलीसंबंधी दुसरा, ९३६.४४ कोटींचा दंड झाला. पहिल्या निकालात आयोगाने असेही बजावले होते की, दुसऱ्यांची दुकाने प्ले स्टोअरमधून मिळू द्यावीत, आणि बाहेरून ॲप घालण्यास आडकाठी करू नये. अपील झाले. २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण या दोन्ही सूचना आणि आणखी दोन रद्द केल्या. वसुलीच्या प्रकरणातला दंड मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

या सर्व आकड्यांपेक्षा आम्हांला मार्च २०२४ मधील एक प्रसंग अधिक बोलका वाटतो. दुकानाच्या हिश्शावरून तंटा होऊन गूगलने दहा भारतीय कंपन्यांची ॲपे काढून टाकण्यास सुरुवात केली. त्यांत स्थळे जुळविणारी होती आणि नोकऱ्यांची माहिती देणारीही होती. एकच ओरड झाली, केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातले, आणि काही दिवसांत ॲपे परत आली. बातमी गोड झाली. पण जरा विचार करावा. त्या कंपन्या मोठ्या होत्या म्हणून मंत्र्यांपर्यंत पोचल्या. उद्या गोंदियातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या मुलीने झाडीबोलीचा शब्दकोश किंवा गोंडी शिकविणारे ॲप केले आणि ते एके सकाळी दुकानातून नाहीसे झाले, तर तिच्यासाठी कोण ओरडणार? तिला येणारे उत्तर बहुधा यंत्रानेच लिहिलेले असेल. ज्या व्यवस्थेत न्याय मिळण्यासाठी मंत्र्याचा शब्द लागतो, ती व्यवस्था लहान माणसासाठी नव्हे.

येथवर पहारेकऱ्याच्या विरुद्ध जे सांगावयाचे ते सांगितले. आता त्याची बाजूही ऐकली पाहिजे, आणि ती हलकी नाही. लग्नसराईत मोबाइलवर निमंत्रणपत्रिकेच्या नावाने एक फाइल येते, अथवा वाहनाचा दंड भरा म्हणून येते. उत्सुकतेने ती उघडावी तो आत चोराचे ॲप असते. ते संदेश वाचते आणि खाते रिकामे करते. अशी फसवणूक झालेले लोक आपल्या ओळखीत नाहीत असे म्हणणारा माणूस आता विरळाच. कर्ज देणाऱ्या ॲपांनी तर करोनाच्या काळात कहर केला. थोडे पैसे द्यावयाचे, फोनातील सगळ्या ओळखीच्यांचे क्रमांक हस्तगत करावयाचे, आणि मग त्यांच्यासमोर कर्जदाराची बेअब्रू करावयाची, ही त्यांची वसुली. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ साली पाहणी केली, तेव्हा ८० हून अधिक दुकानांतून सुमारे १,१०० कर्जाची ॲपे मिळत होती आणि त्यांपैकी ६०० बेकायदा होती. दारावर कोणीच नसावे असे म्हणणाऱ्याने या घरांतून एकदा जाऊन यावे.

परंतु याच हकिगतीची दुसरी बाजू अशी की, एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गूगलने स्वतःच्याच दुकानातून २,५०० हून अधिक कर्जाची ॲपे काढली. म्हणजे ती दारातून आत आलेली होती! पहाऱ्याने चोऱ्या कमी होतात, थांबत नाहीत. तेव्हा पहारा हवा, हे मान्य करूनही दोन प्रश्न उरतात: पहाऱ्याचा अधिकार किती, आणि पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा? या प्रश्नांचे उत्तर शोधताना आम्हांला आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवतो.

उन्हाळ्यात तेंदूची कोवळी पाने खुडावी, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचा पुडा बांधावा, आणि संध्याकाळी फडावर मोजून द्यावा, हे काम देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडील घरांना नवे नाही. गोंदियाच्या विडीधंद्याची भरभराट याच पानावर झाली. पूर्वी मालगुजारांची राने होती, ती १९५१ साली सरकारात गेली. पान खुडणाऱ्याला भाव मात्र ठेकेदार देईल तोच मिळे. ही लूट थांबावी म्हणून मध्य प्रदेशाने १९६४ साली आणि महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला. नेमलेल्या भागातील तेंदूपान सरकारने किंवा त्याच्या अडत्यानेच घ्यावे, ठरलेल्या भावाने घ्यावे, आणि दुसऱ्या कोणी ते विकत घेऊ नये वा नेऊ नये, असा त्याचा सारांश. आपल्या स्वतःच्या शेताच्या बांधावरचे पान असले तरी ते मन मानेल त्याला विकण्याची सोय राहिली नाही. झाड आपले, हात आपले, पण दार दुसऱ्याचे.

या कायद्याचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. दुबळ्याचे रक्षण हाच त्याचा हेतू होता, आणि भाव ठरल्याने काही रक्षण झालेही. पण जो रक्षणासाठी दारावर बसला तो हळूहळू दाराचा मालक झाला. पानाच्या उत्पन्नाचा मोठा भाग वर जाई, आणि खुडणाऱ्याच्या हाती मजुरी येई. पुढे उरलेल्या रकमेतून बोनस आला, तोही देणाऱ्याच्या हिशेबाने. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासी लोकांची मालकी मानली. तरी मालकी कागदावर आणि वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती, अशी स्थिती काही काळ राहिली. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा या गावाने बांबूसाठी हाच प्रश्न धसास लावला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक त्या ग्रामसभेच्या हाती आले. परवान्याचे ते पुस्तक हीच खरी किल्ली होती! २०१२ साली नियमांत दुरुस्ती होऊन परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे आले, आणि २०१३ च्या हंगामात गोंदिया व गडचिरोली या जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी आपले तेंदूपान स्वतः विकले.

पुढे सगळे सोन्याचे झाले, असे मात्र कोणी समजू नये. लिलाव कसा करावा, करारात काय लिहावे, हे लोकांना शिकावे लागले. काही ठिकाणी ठेकेदारांनी पैसे थकविल्याच्या तक्रारी झाल्या. स्वातंत्र्याबरोबर फसगतीचीही जोखीम आली. परंतु म्हणून ते परवान्याचे पुस्तक परत वनखात्याला द्या, अशी मागणी त्या गावांनी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्यांनी हिशेब लिहिणारी माणसे तयार केली, लिलाव उघड केला, आणि एकमेकांना सल्ला दिला. फसगतीवर खरा उपाय शहाणपण आणि उघडा व्यवहार हा आहे. दुसऱ्याच्या हातची कुलपे हा उपाय तात्पुरता असतो, आणि तात्पुरता म्हणून लावलेला तो पुष्कळदा कायमचा होऊन बसतो.

तेंदूचे पान आणि मोबाइलचे ॲप यांची बरोबरी सर्वांगाने होत नाही, हे आम्ही जाणतो. तेथे मक्ता सरकारचा होता, येथे कंपनीचा आहे. पण सरकार काय आणि कंपनी काय, दार एकच असले म्हणजे जो दारावर असेल त्याच्या हाती सर्वांचे येणेजाणे जाते. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली, तेव्हा दोन दुकानांना कळविताच देशभर बव्हंशी काम झाले. ती बंदी योग्य होती असे मानणाऱ्यानेही हे ध्यानात घ्यावे की, एका दाराचा हाच गुण उद्या अयोग्य बंदीच्याही कामी येईल. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने ‘संचार साथी’ हे ॲप प्रत्येक नव्या फोनात आधीच घालून द्यावे असा आदेश कंपन्यांना दिला. हेतू चोरीस गेलेले फोन शोधण्याचा व फसवणूक रोखण्याचा, म्हणजे चांगलाच. लोकांनी व कंपन्यांनी हरकत घेतल्यावर ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. ॲप चांगले आहे की नाही हा वादच नव्हता. माझ्या फोनात ते कोणी ठेवावे, हा वाद होता.

तर मग आमचे मत काय? पहारा असावा, पण तीन गोष्टींची मर्यादा त्यावर असावी. पहिली ही की, पहारेकऱ्याने सावध करावे, अडवू नये. बाहेरून येणाऱ्या ॲपाची धोक्याची सूचना स्पष्ट मराठीत, ठळक अक्षरांत यावी. हवी तर दोनदा यावी. वृद्धांच्या किंवा मुलांच्या फोनाला घरच्यांनी कडक कुलूप लावावे. पण सारे वाचून-समजून जो पुढे जाऊ इच्छितो, त्याची वाट मोकळी असावी. दुसरी ही की, जो दार राखतो त्याने जकातीचा भाव एकट्याने ठरवू नये, आणि स्वतःच्या मालाला झुकते माप देऊ नये. युरोपने २०२२ साली केलेल्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तेथे ॲपललाही दुसऱ्यांच्या दुकानांना वाट द्यावी लागली. आपल्याकडे मुंबईच्या आय. आय. टी.मधून बाहेर पडलेल्या तरुणांच्या उद्योगातून उगम पावलेले आणि पुढे फोनपे कंपनीने चालविलेले इंडस ॲपस्टोअर फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठीसह बारा भारतीय भाषांत उघडले गेले. अशी दुकाने चालोत वा बुडोत. चालण्याची संधी तरी त्यांना मिळावी. तिसरी मर्यादा ही की, ज्याचे ॲप काढले त्याला कारण कळावे, आणि दाद मागण्यासाठी कंपनीबाहेरची जागा असावी.

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की, बाहेरून येणारे ॲपसुद्धा, करणाराने आपली ओळख गूगलकडे नोंदविली असेल तरच अँड्रॉइडवर बसेल. प्रथम ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड या देशांत सप्टेंबर २०२६ पासून, आणि २०२७ पासून इतरत्र. टीका झाल्यावर, जाणत्या वापरणाऱ्यांसाठी वेगळी वाट ठेवू, असे तिने नोव्हेंबरात सांगितले. ओळख मागणे हे आम्हांला गैर वाटत नाही. खोट्या निमंत्रणपत्रिका धाडणाऱ्याचे नाव कळलेच पाहिजे. परंतु नोंदवही कोणाच्या हाती असावी, हा मुद्दा आहे. परवान्याचे पुस्तक खात्याकडे राहिले तोवर मालकी कागदावरच राहिली, हे आपल्या जिल्ह्यातील गावांना कळलेले आहे. तेच येथे विसरून चालणार नाही. नोंदवही एखाद्या स्वतंत्र, सर्वांना सारख्या संस्थेकडे असेल तर तो नियम होईल, आणि प्रतिस्पर्ध्याच्याच पेटीत राहील तर तो मक्ता होईल.

घराला पहारेकरी ठेवण्यात कमीपणा नाही. रात्री त्याने हटकले तर घरधन्यानेही थांबून ओळख द्यावी. त्यात त्याचेच हित आहे. पण पहारेकरी घरधन्याला विचारू लागला की, आज पाहुणा कोण बोलावला, आणि त्याच्या जेवणातला माझा वाटा कोठे, तर त्या घराचा धनी बदलला असे समजावे. आपल्या खिशातल्या या लहानशा घराचे धनी आपण आहोत की भाडेकरू, हे कंपन्या ठरवितील आणि न्यायालयेही ठरवितील. पण ज्या लोकांनी आपल्या रानाच्या परवान्याचे पुस्तक मागून घेतले, त्यांनी या किल्लीविषयी गप्प बसावे, असे आम्हांला वाटत नाही.